काळं मांजर आडवं गेलं... आणि चांगभलं झालं!

परवा म्हसवडच्या एसटी स्टँडसमोर चहा घेत होतो. शेजारी एक पोरगं येऊन उभं राहिलं. काळी ट्रॅक पँट, काळा टी-शर्ट आणि छातीवर हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेलं 'कमांडो'. म्हटलं, "काय रं, कुठल्या फोर्सचा?" पोरगं लाजलं. "न्हाय ओ काका, बाजारात दीडशेला घ्येतलाय. भरतीचं चाललंय अजून."

दीडशे रुपयांत कमांडो! महागाईच्या दिवसांत चांगलाच स्वस्त की. पण मंडळी, खरा कमांडो कुठं घडतो, कुठून येतो आणि आपल्या माण-जावळी-शिराळ्याशी त्याचं काय नातं आहे, माहीत आहे का? नसेल तर आणखी एक कटिंग मागवा. सुरू करू या.

पहिला बॉम्ब (घाबरू नका, माहितीचा आहे): 'ब्लॅक कॅट' म्हणून मिरवणाऱ्या नॅशनल सिक्युरिटी गार्डमध्ये, म्हणजे एनएसजीत, थेट भरती होताच येत नाही! फॉर्म नाही, ग्राउंड नाही, मेरिट लिस्ट नाही. धडक मारणारी तुकडी लष्करातून येते, तिला साथ देणारी निमलष्करी दलांतून. सगळे डेप्युटेशनवर. मूळ घर एकीकडं आणि मुक्काम हरियाणातल्या मानेसरला. सासुरवाशीणच म्हणा ना. फरक एवढाच, की इथं काही वर्षांनी सन्मानानं कायमचं माहेरी पाठवतात.

या दलाचा जन्म १९८४ चा आणि कायदा मात्र १९८६ चा. आधी पोरगं चालायला लागलं, मग जन्मदाखला निघाला. सरकारी काम आहे, समजून घ्या.

एनएसजी उभारताना डोळ्यांसमोर दोन परदेशी नमुने होते. एक ब्रिटनची एसएएस आणि दुसरी जर्मनीची जीएसजी-९. आता ९ च का, माहीत आहे का? बॉडीगार्डला ज्योतिषानं लकी नंबर सांगितला होता म्हणून? छे! जर्मन सीमा रक्षक दलाचे आठ गट आधीच होते, हा आला नववा. कारण इतकं साधं आणि दबदबा जगभर. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमधल्या हत्याकांडानंतर हा गट जन्माला आला आणि पाचच वर्षांत सोमालियातल्या मोगादिशू विमानतळावर त्यानं अपहृत लुफ्तान्सा विमानातले ८६ प्रवासी सोडवले.

विमानावरून आठवलं. एनएसजीचा स्वतःचा विमानातला स्कोअर विचाराल तर तो आहे अमृतसरचा. एप्रिल १९९३, इंडियन एअरलाइन्सचं आयसी-४२७. कमांडो आत घुसले आणि काही मिनिटांत खेळ खल्लास. प्रवासी सगळे सुखरूप. मोहिमेचं नाव 'अश्वमेध'. आपल्याकडं अश्वमेधाचा घोडा वर्षभर हिंडायचा, इथं तो उधळला आणि परत तबेल्यात आला, तोवर चहाही निवला नसेल.

आता मात्र खुर्ची पुढं ओढा. हा किस्सा खास म्हसवडकरांसाठी.

सिद्धनाथाचा रथ निघतो मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, हे माणदेशात लेकराला विचारलं तरी सांगेल. गुलाल, खोबरं, माणसांचा पूर, रथाचे जाडजूड दोर आणि 'सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!' आता जुनं पंचांग काढा आणि २००८ चं पान उघडा. त्या वर्षी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा कुठल्या तारखेला होती, माहीत आहे का?

२८ नोव्हेंबर २००८.

होय, २६/११ च्या हल्ल्यातला तोच शुक्रवार. इकडं नाथबाबाच्या रथाचा दिवस आणि तिकडं मुंबईत कुलाब्याच्या नरिमन हाउसवर घिरट्या घालणारं एमआय-१७ हेलिकॉप्टर. त्यातून दोर खाली सुटले आणि काळ्या वेशातले कमांडो सरसर गच्चीवर उतरले. त्यांच्या भाषेत याला 'स्लिदरिंग' म्हणतात, म्हणजे सापासारखं सरपटत उतरणं. एकाच दिवशी एकाच महाराष्ट्रात दोन दोर. एकाला हजारो हात लागलेले, दुसऱ्याला मोजून काही. त्या मोजक्यांतला एक हात हवालदार गजेंद्रसिंह बिश्त यांचा होता. ते त्या इमारतीतून परतले नाहीत. ताज हॉटेलमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन गेले. दोघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

या मोहिमेचं नाव 'ब्लॅक टॉर्नेडो'. वादळच ते, पण पोहोचायला उशीर झालेलं वादळ. हल्ला २६ च्या रात्री सुरू झाला, कमांडो होते मानेसरला आणि त्यांना आणणारं अवाढव्य आयएल-७६ विमान होतं चंदीगडला! ते दिल्लीला आलं, कमांडो चढले आणि मुंबईत उतरेपर्यंत पहाट उजाडली. मग विमानतळावरून दक्षिण मुंबईत कशानं गेले, माहीत आहे का? चिलखती गाड्या? काळ्या एसयूव्ही? नाही हो. बेस्टच्या बसमधून! लाल डब्यातून काळी मांजरं. सिनेमावाल्यांना सुचलं असतं तर प्रोड्युसरनं सीन कापला असता.

या उशिराची बिलं नंतर चुकवली गेली. २००९ मध्ये मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबाद इथं एनएसजीचे चार हब उघडले. पुढं गांधीनगरची भर पडली. एका परीनं मांजरांनी पाच घरं केली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात, तेव्हा अजून स्कोप आहे.

टीव्हीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. २६/११ ला आपण सगळे घरात बसून कमांडोंचं थेट प्रक्षेपण बघत होतो. अडचण एवढीच होती, की पाकिस्तानात बसून फोनवर हुकूम सोडणारेही तेच चॅनल बघत होते. सुप्रीम कोर्टानं २०१२ च्या निकालात वाहिन्यांचे चांगलेच कान उपटले आणि २०१५ मध्ये केबलच्या नियमांत बदल होऊन चालू मोहिमेचं लाइव्ह कव्हरेज बंद झालं. आता मोहीम संपेपर्यंत नेमलेला अधिकारी ठरावीक वेळानं सांगेल तेवढंच दाखवायचं. माझं स्पष्ट मत: हा नियम सात वर्षं उशिरा आला.

तुलनेसाठी लंडन. ५ मे १९८०. इराणी वकिलातीवर एसएएसचे जवान चढले तेव्हा बीबीसीवर काय चालू होतं, माहीत आहे का? स्नूकरची वर्ल्ड फायनल! ती मध्येच तोडून प्रेक्षकांना वकिलातीच्या बाल्कनीवरचे मुखवटेधारी दाखवले गेले. १७ मिनिटांत मोहीम फत्ते. एसएएस जगभर फेमस झाली ती त्या संध्याकाळी. चेंडू पॉकेटमध्ये आणि दहशतवादीही.

एन्टेबेची मर्सिडीज तर याहून भारी. जुलै १९७६. युगांडाच्या विमानतळावर ओलीस अडकलेले. इस्रायली कमांडोंनी शक्कल लढवली, की हुकूमशहा इदी अमीनसारखी काळी मर्सिडीज घ्यायची आणि 'साहेब आले' असं भासवून आत शिरायचं. गाडी मिळाली ती पांढरी, म्हणून तिला काळा रंग फासला. आणि इदी अमीननं तेवढ्यात काळी सोडून पांढरी घेतली होती! पहारेकऱ्यांना संशय आला, गोळी सुटली. तरीही शंभराहून जास्त ओलीस घरी पोहोचले. तात्पर्य काढायचंच तर गॅरेजवाल्याला विचारून रंग लावावा.

बरं, बस झालं परदेश. जावळीत चला.

केडंबे. जावळी तालुक्यातलं डोंगरातलं गाव. इथले तुकाराम ओंबळे आधी लष्कराच्या सिग्नल्समध्ये होते, मग मुंबई पोलिसांत आले. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीत उभे होते सहायक उपनिरीक्षक म्हणून. हातात काय होतं, माहीत आहे का? काठी. समोर एके-४७. ओंबळ्यांनी त्या बंदुकीची नळीच दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगात घुसत असताना सोडली नाही. तेवढ्यात बाकीच्यांनी झडप घातली. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत सापडला तो एकच, अजमल कसाब. पुढं खटल्यात जगासमोर जे उभं राहिलं त्याची सुरुवात त्या एका मुठीतून झाली.

इथं जोक नाही. पुढच्या ओळीवर चला.

ओंबळ्यांच्या नावाचा कोळी आहे, माहीत आहे का? कोळी म्हणजे अष्टपाद, जाळंवाला! 'आयसियस तुकारामी'. ठाणे परिसरात सापडलेली ही नवी जात संशोधकांनी २०२१ मध्ये जगासमोर मांडली आणि तिला ओंबळ्यांचं नाव दिलं. त्यात गंमत अशी, की हा उडी मारणारा कोळी आहे. जाळं विणून वाट बघत बसणं त्याच्या स्वभावात नाही. सावज दिसलं की थेट झेप! नाव ठेवणाऱ्याला शंभरपैकी शंभर. केडंब्यातल्या स्मारकासाठी सरकारनं १३ कोटी ४६ लाख मंजूर केले २०२५ मध्ये. म्हणजे कोळ्यानं सरकारला चार वर्षांनी हरवलं.

मुळात एलिट, स्पेशल, ब्लॅक वगैरे विशेषणं ज्यांना लागतात ते येईपर्यंतचे तास कुणीतरी भरून काढायचे असतात. ते भरून काढतो नाक्यावरचा हवालदार. मला तर वाटतं, कमांडोंच्या प्रत्येक पोस्टरवर कोपऱ्यात एक काठीवाला छापायलाच हवा.

शिराळा तालुक्यातल्या कोकरूडचे विश्वास नांगरे पाटील तेव्हा दक्षिण मुंबईचे उपायुक्त. एनएसजी यायच्या कितीतरी आधी मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन ते ताजमध्ये शिरले. हत्यार म्हणाल तर पिस्तूल. ताजच्या सीसीटीव्ही रूममध्ये पोहोचून त्यांनी अतिरेक्यांच्या हालचालींवर नजर ठेवली. तिकडं कामा हॉस्पिटलच्या जिन्यात सदानंद दाते ग्रेनेडनं जखमी होऊनही लढत राहिले. हेच दाते २०२४ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेचे, म्हणजे एनआयएचे महासंचालक झाले. मधल्या काळात त्यांनी मराठीत पुस्तकही लिहिलं, 'वर्दीतल्या माणसाच्या नोंदी'. मराठी पोलीस अधिकारी निवांत झाला की लेखक होतो, हा आमचा घरगुती निष्कर्ष.

आणि हो, माढा तालुक्यातलं सुलतानपूर. राज्य राखीव पोलीस दलाचा राहुल शिंदे हा तिथला तरुण ताजमध्ये शहीद झाला. गावानं स्वतःचं नावच बदलायचं ठरवलं: राहुलनगर. पुतळे सगळेच उभारतात, हे गाव पत्त्यातच पोराला घेऊन बसलं.

टर्न घेऊ. 'वाघनखं' म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? प्रतापगड, अफजलखान, १० नोव्हेंबर १६५९. बरोबर. २०२४ च्या जुलैत लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात आलेली, तीन वर्षांच्या बोलीवरची वाघनखं? तीही बरोबर. पण भारतीय लष्करात एका अख्ख्या कमांडो पलटणीचं नाव 'वाघनखं' आहे, माहीत आहे का? २१ पॅरा स्पेशल फोर्सेस. ही मूळची २१ मराठा लाइट इन्फन्ट्री, नव्वदच्या दशकात तिचं रूपांतर स्पेशल फोर्सेसमध्ये झालं. २०१५ च्या जूनमध्ये म्यानमार सीमेपलीकडं जाऊन अतिरेक्यांचे तळ उडवले ते यांनीच.

याच वाघनखांतले कर्नल संतोष महाडिक. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे. शिकले साताऱ्याच्या सैनिक शाळेत. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यातच निघाली, २३ जून १९६१ ला. नसेल माहीत तर आता कॉलर ताठ करा. कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करताना १७ नोव्हेंबर २०१५ ला महाडिकांना वीरमरण आलं. कमांडिंग ऑफिसर स्वतः पुढं होते. मग त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक, दोन लेकरांची आई, यांनी वयाची अट शिथिल करून घेतली, चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट म्हणून खांद्यावर तारे लावले. लष्करी गणवेश घरातून बाहेर जाऊ दिला नाही.

साताऱ्याचं हे वेड आजचं नाही. अपशिंगे गावाला लोक सरळ 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले.

थोडं समुद्राकडं. नौदलाचे कमांडो म्हणजे मार्कोस. स्थापना १९८७. काश्मीरच्या वुलर सरोवरात नेमणूक झाली, दाढ्या वाढवल्या आणि नाव पडलं 'दाढीवाली फौज'. ताजमध्ये एनएसजीच्या आधी हेच शिरले होते. त्यांच्यातले प्रवीण तेवतिया छातीत गोळ्या लागून फुप्फुस निकामी झालेले. डॉक्टरांच्या भाषेत केस संपलेली. २०१७ मध्ये या गड्यानं लडाखच्या खारदुंग ला इथली ७२ किलोमीटरची मॅरेथॉन पूर्ण केली. आपल्याला म्हसवडच्या बाजारातून घरी पिशवी आणताना धाप लागते. असो.

आता चार पायांचे हिरो. २६/११ ला मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातले मॅक्स, सीझर, टायगर आणि सुलतान बॉम्ब हुंगत फिरत होते. निवृत्तीनंतर चौघं विरारच्या एका फार्मवर राहिले. पेन्शनर मंडळी, फक्त पेपर वाचत नव्हती. चौघांतला शेवटचा सीझर २०१६ च्या ऑक्टोबरात गेला.

कुत्र्यांतही आपला शेजारी आहे बरं. मुधोळ हाउंड! मुधोळचे संस्थानिक घोरपडे, म्हणजे मराठेच. मालोजीराजांनी या जातीची पिल्लं इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, भेट दिली तेव्हा साहेबानं त्यांना नाव दिलं 'मुधोळचे हाउंड'. भारतीय लष्करानं देशी जातीचा कुत्रा कामाला घ्यायचं ठरवलं तेव्हा पहिला नंबर लागला याचाच. लांब पाय, बारीक कंबर, वाऱ्यासारखी धाव. माणदेशातल्या मेंढपाळाला हे सांगितलं तर तो म्हणेल, "त्यात काय नवं? आमच्या वाड्यावरचं बी असंच हाय."

गडचिरोलीची स्टोरी पूर्ण वेगळी. १९९० मध्ये तिथले पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी स्थानिक आदिवासी तरुणांतून ६० जणांचं पथक उभं केलं. नाव सी-६०. जंगल त्यांचं, वाटा त्यांच्या, गोंडी-माडिया त्यांच्या तोंडची. बाहेरून आणलेल्या फौजेला जे नकाशात शोधावं लागतं ते यांच्या पायांना पाठ. हेच रघुवंशी २००४ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे, एटीएसचे, पहिले प्रमुख झाले. सी-६० मधले जवान आता ६० च्या कितीतरी पुढं गेलेत, पण नाव तेच. आणि आकड्यांचा योगायोग बघा: ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती गडचिरोलीत शरण आला, सोबत आणखी किती जण होते, माहीत आहे का? ६०!

मुंबईसाठी महाराष्ट्राचं स्वतःचं कमांडो दल आहे फोर्स वन, गोरेगावात. २६/११ नंतर उभं राहिलेलं, राज्य पोलिसांतूनच निवडलेलं. दिल्लीच्या विमानाची वाट बघायला लागू नये हा साधा हिशेब. ग्रामीण भाषेत बोलायचं तर पाहुण्याच्या बैलावर पेरणी करायची नाही.

एक गैरसमज जाता जाता. पुढाऱ्याच्या मागं काळ्या सफारीत गॉगल लावून उभा असतो तो 'ब्लॅक कॅट' नव्हे. एके काळी काही व्हीआयपींच्या भोवती खरेच एनएसजीवाले असायचे. २०२४ मध्ये सरकारनं उरलेल्या नऊ जणांची सुरक्षा सीआरपीएफकडं सोपवायचं ठरवलं. मांजरांना पुन्हा शिकारीला मोकळं केलं. उंदीर पकडायला पाळलेलं मांजर मांडीवर बसवून ठेवण्यात काय हशील होतं?

तर आपलं ते दीडशे रुपयांचं टी-शर्टवालं पोरगं. चहा संपवून मी विचारलं, "मग कमांडो कसं व्हायचं ठरवलंयस?" तर म्हणे, "आधी सोळाशे मीटर काका. पाच-धाच्या आत." पोलीस भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी मारले की २० पैकी २०. कमांडोचा गणवेश, हेलिकॉप्टर, दोर सगळं नंतर. आधी हा एवढा रस्ता. याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर अडथळ्यांच्या शर्यतीत रिओ ऑलिम्पिकची फायनल धावली होती २०१६ ला. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या ऑलिम्पिक फायनलला पोचलेली पहिली भारतीय महिला. त्यामुळं माणदेशी पायांना कमी लेखायचं काम नाही.

"पळतोस कुठं?" म्हटलं.

"रस्त्यावरच की. पहाटं साडेचारला. गाड्यांचा तेवढा तरास हुतोय. फुल लाइट मारत्यात, काय दिसत न्हाय."

म्हणून शेवटची विनंती, ही मात्र विनोदाशिवाय. पहाटे म्हसवडच्या रस्त्यानं गाडी घेऊन जाणार असाल तर जरा डिपर द्या. पोरं पळत असतात.